असाकुसाचा एक दिवस: कंदील, टॉवर आणि नैवेद्याचा मुळा

टोकियोला जाणारी आपली बहुतेक मंडळी असाकुसाला सकाळी अकराच्या सुमारास पोचतात. मोठ्या लाल कंदिलाखाली फोटो काढतात, दुकानांच्या गल्लीतून गर्दीबरोबर पुढे ढकलली जातात, देवळासमोरचा धूर अंगावर घेतात आणि दोन तासांत 'झालं असाकुसा' म्हणत शिबुयाची गाडी पकडतात. पहिल्या खेपेला मीही हेच केलं होतं. दुसऱ्या खेपेला आई बरोबर होती. तिचे गुडघे दुखत होते आणि गर्दीत तिला घुसमटायला होतं. म्हणून नाइलाजाने क्रम उलटा केला: देऊळ भल्या सकाळी, दुपारी मागच्या गल्ल्या, आणि रात्री पुन्हा देऊळ. तोच क्रम इथे देते आहे.

निघण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. 'जुनं टोकियो बघायचं तर असाकुसा' असं सगळीकडे ऐकायला मिळतं, पण इथलं जे जुनं दिसतं त्यातलं बरंचसं नवं आहे. सेन्सो-जी हे टोकियोतलं सगळ्यात जुनं देऊळ खरं, कथा इसवी सन ६२८ पासून सुरू होते. पण १० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकी विमानांनी आगीचे बाँब टाकले तेव्हा मुख्य मंदिर जळून गेलं. आजचं मंदिर १९५८ चं, काँक्रीटचं, आणि त्याच्या छपरावरची कौलं चक्क टायटॅनियमची आहेत. उलट जे 'आधुनिक' ते इथे वयस्कर आहे. आशियातली पहिली भुयारी रेल्वे १९२७ मध्ये इथूनच उएनोपर्यंत धावली. हानायाशिकी ही करमणुकीची बाग १८५३ पासूनची, म्हणजे आपली बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली त्याच वर्षाची. तेव्हा जुनं कुठलं, नवं कुठलं हे पाटीवर वाचून ठरवू नका. दिवसभर हाच खेळ खेळायचा आहे.

कधी, कुठून, कसं

भारतातून गेल्यावर एक गंमत होते. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथे सकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्या शरीराच्या घड्याळात रात्रीचे अडीच वाजलेले असतात. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचा बेत आखलात तर तो हमखास फसतो. असाकुसा तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी ठेवा.

जमलं तर मुक्काम असाकुसातच करा. शिंजुकू-शिबुयापेक्षा खोल्या सहसा स्वस्त मिळतात आणि पहाटे चालत देवळात जाता येतं, हे महत्त्वाचं. शिवाय तोएई असाकुसा मार्गावरून हानेदा आणि नारिता या दोन्ही विमानतळांहून थेट गाड्या येतात: हानेदाहून साधारण चाळीस मिनिटं, नारिताहून तासाभराच्या आसपास. थेट गाडी आहे ना, एवढं मात्र फलाटावरच्या फलकावर बघून घ्या, कारण त्याच रुळांवरून दुसरीकडे जाणाऱ्या गाड्याही धावतात.

शहरातून येणार असाल तर गिन्झा मार्गाचं शेवटचं स्टेशन असाकुसा. उएनोहून पाच मिनिटं. १ नंबरच्या दाराने वर आलात की कामिनारीमोन, म्हणजे लाल कंदिलाचं दार, दोन पावलांवर आहे. पण वेळ असेल तर ४ नंबरचं दार बाहेरून बघून घ्या, त्याला देवळासारखं छप्पर आहे. 'असाकुसा' नावाचं आणखी एक स्टेशन त्सुकुबा एक्स्प्रेसवर आहे आणि ते पश्चिमेला बऱ्याच अंतरावर आहे. नकाशाचं ॲप कधीकधी तिथे नेऊन सोडतं. सामान हातात असताना ही चूक फार महागात पडते.

महिना निवडता येत असेल तर मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा (सुमिदा नदीकाठी चेरीचा बहर) किंवा नोव्हेंबर. जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथलाही पावसाळा असतो आणि ऑगस्टचा उकाडा मुंबईच्या मे महिन्याला लाजवेल असा. मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी इथे सांजा मात्सुरी असते. खांद्यावर पालख्या घेऊन, घोषणा देत, घामाघूम झालेले लोक गल्ल्यागल्ल्यांतून नाचतात. ती बघायचीच असेल तर खास तिच्यासाठी जा, 'सहज असाकुसा बघू' म्हणून त्या दिवशी जाऊ नका. जुलैच्या शेवटच्या शनिवारी नदीवर आतषबाजी असते, तिची परंपरा १७३३ पर्यंत मागे जाते. त्या संध्याकाळी पुलावर पाय ठेवायला जागा नसते.

बरोबर काय घ्याल: सुइका किंवा पास्मो हे गाडीभाड्याचं प्रीपेड कार्ड, शंभर येनची पाच-सहा नाणी, पाच येनची एक-दोन नाणी, मूळ पासपोर्ट, आणि एक रिकामी कापडी पिशवी. कचऱ्याचे डबे रस्त्यावर जवळजवळ नसतातच. आपला कचरा दिवसभर आपल्याच पिशवीत वागवायचा. पिशवीचा दुसरा उपयोग पुढे सांगते.

सकाळी साडेसहा: कंदिलापासून देवळापर्यंत

कामिनारीमोन म्हणजे मेघगर्जनेचं दार. उजवीकडे वायुदेव फूजिन, पाठीवर वाऱ्याची थैली घेतलेला. डावीकडे ढोल बडवणारा रायजिन. मधोमध कंदील: ३.९ मीटर उंच आणि सुमारे ७०० किलोचा. हे दार १८६५ च्या आगीत जळालं आणि तब्बल ९५ वर्षं इथे दारच नव्हतं. आजचं दार १९६० मध्ये मात्सुशिता कोनोसुके यांनी, म्हणजे आपण ज्याला पॅनासॉनिक म्हणून ओळखतो त्या उद्योगाच्या संस्थापकांनी, देणगी म्हणून बांधून दिलं. कंदिलाच्या खाली जाऊन मान वर करा. तळाच्या लाकडावर एक नाग-ड्रॅगन कोरला आहे. दुपारी शेकडो लोक त्याच्याखालून जातात, वर बघणारे थोडेच.

पुढे नाकामिसे, २५० मीटरची दुकानांची गल्ली. या वेळी सगळी दुकानं बंद असतात आणि तेच हवं आहे. बंद शटरांवर असाकुसाच्या सणांची, जत्रांची चित्रं रंगवलेली आहेत. दुकानं उघडली की ती गुंडाळली जातात. म्हणजे ही चित्रं फक्त लवकर उठणाऱ्यांसाठी.

गल्लीच्या टोकाला होझोमोन हे दुमजली दार. त्यातून आत गेल्यावर लगेच पुढे जाऊ नका, मागे वळा. दाराच्या पाठीवर गवताच्या दोन महाकाय चपला टांगलेल्या आहेत, प्रत्येकी साडेचार मीटर लांब आणि ५०० किलोच्या. यामागातातल्या मुरायामा गावचे लोक त्या विणून देवाला वाहतात. एवढ्या मोठ्या चपला घालणारा कोणी आत राहतो म्हटल्यावर भुतंखेतं घाबरून पळतात, अशी त्यामागची कल्पना.

डाव्या हाताला पाच मजली पॅगोडा दिसेल. तो १९७३ चा, काँक्रीटचा. सर्वांत वरच्या मजल्यावर श्रीलंकेतून आणलेला बुद्धाचा धातू ठेवला आहे. हा पॅगोडा लक्षात ठेवा, संध्याकाळी त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

देवळातली रीत, आणि न दिसणारा देव

मुख्य मंदिर एप्रिल ते सप्टेंबर सकाळी सहाला, एरवी साडेसहाला उघडतं आणि संध्याकाळी पाचला बंद होतं. आवार मात्र चोवीस तास खुलं. प्रवेश फुकट.

पायऱ्यांपाशी पाण्याचं कुंड आहे. ओगराळं उजव्या हातात घेऊन डावा हात धुवा, मग उलट, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरा. ओगराळ्याला तोंड लावू नका आणि चूळ कुंडात टाकू नका. मधल्या मोठ्या धूपपात्राचा धूर लोक हातांनी अंगावर ओढून घेतात. जिथे दुखतं तिथे. आईने तो दोन्ही गुडघ्यांवर घेतला, तेव्हा शेजारच्या जपानी आजीबाईंनी हसून आपलेही गुडघे दाखवले. आरतीनंतर निरांजनावरून हात फिरवून डोळ्यांना लावण्याची सवय असलेल्या आपल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

वर गेल्यावर नाणं पेटीत टाका (पाच येनला 'गो-एन' म्हणतात आणि त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध, म्हणून ते शुभ), हात जोडा, मान लववा. टाळ्या वाजवायच्या नाहीत. बाहेरच्या भागात बूट घालूनच जायचं असतं, आपल्याला ते जड जातं. पण तिथेच उगीच बूट काढून ठेवलेत तर येणाऱ्याजाणाऱ्यांचा खोळंबा होईल.

आईचा पहिला प्रश्न: "देव कुठाय?" देव दिसत नाही. कथा अशी की ६२८ मध्ये हिनोकुमा घराण्यातल्या दोन भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीतून कान्नोनची लहानशी मूर्ती आली. नदीत परत सोडली तरी पुन्हा पुन्हा जाळ्यात येत राहिली. गावच्या प्रमुखाने, हाजी नो नाकातोमोने, तिचं महत्त्व ओळखलं आणि आपल्या घराचंच देऊळ केलं. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. पुढे ६४५ मध्ये ती मूर्ती कायमची झाकून ठेवली गेली, आणि तेव्हापासून ती भक्तांना दाखवत नाहीत. तेव्हा गाभाऱ्यात डोकावण्याची धडपड करू नका. "मग आलो कशाला?" या आईच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला लगेच सुचलं नाही.

ओमिकुजी म्हणजे भविष्याची चिठ्ठी जरूर काढा. शंभर येन टाकायचे, धातूचा षटकोनी डबा हलवायचा, भोकातून एक काडी बाहेर येते, तिच्यावरचा आकडा बघून त्या आकड्याचा खण उघडायचा आणि वरची चिठ्ठी घ्यायची. काडी परत डब्यात टाकायला विसरू नका. आकडा जपानी लिपीत असतो, पण तोच खणावरही असतो, त्यामुळे आकार जुळवला की काम होतं. चिठ्ठीवर इंग्रजी मजकूर असतो. सेन्सो-जीच्या चिठ्ठ्यांमध्ये अशुभ फारच निघतात अशी ख्याती आहे, आणि इथे कोणी त्या गोड करून ठेवत नाही. वाईट निघाली तर तिथल्याच तारांच्या चौकटीला बांधून टाका. वाईट तिथेच राहतं. चांगली निघाली तर पाकिटात ठेवा.

देवळाच्या अंगावर ठिकठिकाणी स्वस्तिक दिसेल. जपानी नकाशात बौद्ध मंदिराची खूणच ती आहे, त्यामुळे असाकुसाचा नकाशा उघडला की आपल्याला उगीचच घरच्यासारखं वाटतं.

मंदिराच्या उजव्या अंगाला असाकुसा जिंजा हे शिंतो देवस्थान. त्या दोन कोळ्यांना आणि गावप्रमुखाला इथे देव मानलं आहे. सांजा म्हणजे हेच तिघे. १६४९ मध्ये शोगुन (त्या काळचा लष्करी राज्यकर्ता) तोकुगावा इएमित्सुने बांधवलेली ही लाकडी वास्तू १९४५ च्या आगीतून वाचली. म्हणजे इथलं खरंखुरं जुनं हे, आणि याच्याकडे पाठ करून लोक काँक्रीटच्या मंदिराचे फोटो काढत असतात. इथली रीत वेगळी: दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एक नमस्कार. जवळच नितेनमोन हे १६१८ चं दारही वाचलेलं आहे. त्यातूनच बाहेर पडा, कारण पुढचा मुक्काम त्या बाजूला आहे.

दहा मिनिटांवरचा गणपती

नितेनमोनमधून बाहेर पडून ईशान्येला, नदीच्या दिशेने, दहाएक मिनिटं चालायचं. टेकडी म्हणावी की उंचवटा, असा प्रश्न पडावा एवढ्याशा चढावर मात्सुचियामा शोदेन हे देऊळ आहे. ते सेन्सो-जीच्याच पंथातलं. इथला देव कांगितेन, म्हणजे आपला विनायक. भारतातून चीनमार्गे तांत्रिक बौद्ध धर्माबरोबर तो जपानला पोचला. त्याचं नेहमीचं रूप म्हणजे हत्तीचं तोंड असलेल्या, एकमेकांना मिठी मारलेल्या दोन आकृती. पण ते कोणाला दाखवत नाहीत. इथेही मूर्ती झाकलेलीच.

दिसतात ते मुळे. पायरीवर, खांबावर, कंदिलांवर, सगळीकडे एकमेकांत गुंतलेल्या दोन मुळ्यांची खूण कोरलेली. मुळा म्हणजे आरोग्य आणि घरातली सलगी. दुसरी खूण पैशांच्या थैलीची, ती बरकतीसाठी. आवारातच काही शे येन देऊन अख्खा पांढरा डाइकोन मुळा विकत मिळतो. तो देवासमोर नेऊन ठेवायचा. मोदक, दूर्वा, जास्वंद यांची सवय असलेल्या आपल्याला हे चमत्कारिक वाटतं खरं, पण आपल्याकडच्या जुन्या मूर्तिशास्त्रातही गणपतीच्या एका हातात परशू आणि दुसऱ्यात मुळ्याचा कंद सांगितलेला आहे. आपण विसरलो, त्यांनी धरून ठेवलं.

सात जानेवारीला इथे मुळ्यांचा उत्सव असतो आणि शिजवलेला मुळा सगळ्यांना वाटतात. एरवीही आदल्या भक्तांनी वाहिलेले मुळे आवारात ठेवलेले असतात, ज्याला हवा त्याने एक घरी न्यावा. याला 'ओसागारी' म्हणतात, म्हणजे देवापुढून खाली आलेलं. प्रसादाला याहून चांगला जपानी शब्द मला माहीत नाही. आईने एक उचलला आणि माझ्या कापडी पिशवीत घातला. दिवसभर तो आमच्याबरोबर टोकियो हिंडला.

इथे गर्दी जवळपास नसते. गुडघेवाल्यांसाठी पायऱ्यांच्या बाजूने एक छोटा डबा रुळावरून वर जातो, लिफ्टसारखं बटण दाबायचं, बस्स. मंदिर दुपारनंतर लवकर मिटतं, म्हणून सकाळीच जा. पूजा चालू असेल तर आत फोटो नकोत, आणि चपलांचं कपाट दिसेल तिथे चपला काढा.

दहा वाजता: आता नाकामिसे

परत फिराल तोवर दुकानं उघडत असतात आणि सहलीच्या बसगाड्या अजून पोचलेल्या नसतात. हा तासभर नाकामिसेसाठी. एक नियम: चालता चालता खाऊ नका. जिथे घेतलं तिथेच उभं राहून खायचं आणि कागद त्याच दुकानात परत द्यायचा.

शाकाहारी माणसाने काय खावं हे जरा नीट सांगते, कारण इथेच बहुतेकांची फजिती होते. कामिनारी-ओकोशी म्हणजे फुलवलेला तांदूळ, साखरेचा पाक, शेंगदाणे. कुरमुऱ्यांची चिक्कीच. आईने खाऊन "यात गूळ हवा होता" असा निकाल दिला. इमो-योकान म्हणजे रताळं, साखर आणि चिमूटभर मीठ एवढ्याची वडी, उपासालासुद्धा चालेल. किबी-दांगो या सोयाबीनच्या पिठात घोळवलेल्या गरम गोळ्या, तांदूळ आणि वरीसारख्या धान्याच्या. निंग्योयाकी (साच्यातले छोटे केक) आणि मेलोनपान (गोड पाव) यांत मात्र अंडं असतं. सेम्बेई म्हणजे तांदळाच्या भाजक्या चकत्या; सोया सॉसची घ्या, पण कोळंबीची नाही ना हे विचारून.

जेवणाचा खरा शत्रू मांस नव्हे, दाशी. हे माशाच्या कीसाचं पाणी सोबा आणि उदोन या नूडल्स, मिसो सूप, भाजीची परतणी, टेंपुरा या भज्यांबरोबरचा रस्सा, सगळीकडे असतं, आणि 'मासे नाहीत' असं वाढणारा प्रामाणिकपणे सांगतो कारण त्याच्या मते दाशी म्हणजे मासा नव्हेच. दोन वाक्यं पाठ करा: "निकू तो साकाना वा ताबेमासेन", म्हणजे मांस-मासे खात नाही. आणि "दाशी मो दामे देसू", दाशीही चालत नाही. टोफूवर माशाचा कीस भुरभुरवतात, तो नको असेल तर "कात्सुओबुशी नुकी दे ओनेगाइ शिमासू". एवढं करूनही समोरचा गोंधळला तर आग्रह धरू नका. नकाशावर 'व्हीगन' शोधलंत तर असाकुसात चालत जाण्याजोग्या जागा सापडतात, आणि भारतीय हॉटेलंही आहेत.

किमोनो भाड्याने घ्यायची दुकानं इथे पावलोपावली आहेत. घ्यायचाच तर सकाळी घ्या, आणि परत करायची वेळ आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी ती संध्याकाळी पाच-सहाची असते. नेसवणारी बाई सगळं करते, तरी एक लक्षात असू द्या: डावी बाजू वर येते. उजवी वर फक्त मृतदेहाला. आपल्या साडीतल्या फोटोंपेक्षा किमोनोतले फोटो बरे येतात हा समज मला पटत नाही, पण तो ज्याचा त्याचा प्रश्न.

आणि कामिनारीमोनपाशी काळ्या पोशाखातली चपळ मुलं ओढायच्या रिक्षा घेऊन उभी असतात. आपला 'रिक्षा' हा शब्द यांचाच. जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. जिनरिकिशाचा पुढचा भाग गळाला आणि आपल्याकडे तीन चाकांवर येऊन बसला. दहा मिनिटांच्या फेरीलाही काही हजार येन पडतात. माथेरानच्या हातरिक्षाने ज्यांना अवघडल्यासारखं झालं असेल त्यांना इथेही होईल. आईने साफ नकार दिला.

उन्हात निघण्याआधी दारासमोरच्या पर्यटन माहिती केंद्रात शिरा. केंगो कुमा यांनी आखलेली ही २०१२ ची इमारत म्हणजे एकावर एक बैठी घरं रचून ठेवल्यासारखी आहे. आठव्या मजल्यावरची गच्ची फुकट. तिथून सकाळी चाललेला रस्ता सरळ रेषेत दिसतो, आणि दुसऱ्या बाजूला नदीपल्याडची सोनेरी वस्तू. फिलिप स्टार्क यांनी १९८९ च्या त्या बिअर कंपनीच्या इमारतीवर सोनेरी ज्योत बसवली. टोकियोकर तिला ज्योत म्हणत नाहीत. काय म्हणतात ते लहान मुलांना विचारलंत तर ती खिदळतील.

दुपार: काप्पाबाशी

देवळापासून पश्चिमेला दहा-बारा मिनिटं. एका इमारतीच्या डोक्यावर पांढऱ्या टोपीतल्या आचाऱ्याचं अवाढव्य मुंडकं दिसलं की आलात. सुमारे ८०० मीटरचा हा रस्ता हॉटेलवाल्यांच्या सामानाचा बाजार आहे: सुऱ्या, पातेली, लाकडी पाट, वाडगे, पडदे, पाट्या. ज्यांना पुण्याची तांबट आळी आवडते त्यांचे इथे तीन तास सहज जातील. बरीच दुकानं रविवारी बंद असतात, म्हणून आठवड्यातला दिवस निवडा.

सुरी घेणार असाल तर कशासाठी हवी ते आधी ठरवा. भाज्यांसाठी 'नाकिरी' ही चौकोनी पात्याची सुरी किंवा सगळ्या कामांसाठी 'सान्तोकू'. साध्या कार्बन पोलादाची धार अप्रतिम, पण ओली ठेवली की गंजते. आपल्या स्वयंपाकघरातली धांदल बघता न गंजणारं पोलाद बरं. काही दुकानं पात्यावर नाव कोरून देतात. सुरी चेक-इन बॅगेतच, हातसामानात नाही. करसवलतीसाठी पासपोर्ट लागतो, त्याचा फोटो चालत नाही.

दुसरी गंमत प्लास्टिकच्या खाद्यपदार्थांची. हॉटेलच्या काचेमागे ठेवलेले ते हुबेहूब रामेन, टेंपुरा, बिअरचे फेसाळ पेले इथे विकत मिळतात. पूर्वी मेणाचे करत. किमती बघून दचकाल, कारण मोठा वाडगा हाताने बनवलेला असतो आणि खऱ्या जेवणाच्या कित्येक पट महाग. एखादा चुंबक किंवा किल्लीची साखळी घ्या. काही दुकानांत स्वतः टेंपुरा बनवायला शिकवतात. मुलं बरोबर असतील तर आधी नोंदणी करून जा.

परतीच्या वाटेवर रोक्कू हा नाट्यगृहांचा भाग लागतो. जपानचं पहिलं कायमचं चित्रपटगृह १९०३ मध्ये इथे उभं राहिलं, आणि त्याआधी १८९० मध्ये इथे बारा मजली मनोरा होता, देशातल्या पहिल्या विजेच्या लिफ्टसह. १९२३ च्या भूकंपात तो मोडला. उशीवर बसून, पंखा आणि रुमाल एवढ्यावर अख्खी गोष्ट उभी करणारे राकुगो कलावंत असाकुसा एन्गेई हॉलमध्ये अजूनही रोज असतात. जपानी येत नसेल तर कंटाळाल, पण मधूनमधून होणारी कागदाची कातरकला आणि जादू भाषेविना कळते. हानायाशिकीतला १९५३ चा रोलर कोस्टर घरांना खेटून जातो. भीती वेगाची नाही, त्याच्या वयाची.

संध्याकाळ: नदी ओलांडा

सूर्यास्ताच्या तासभर आधी नदीकाठी या. तोबू रेल्वेच्या पुलाला चिकटून २०२० मध्ये पादचाऱ्यांसाठी सुमिदा रिव्हर वॉक झाला आहे. शेजारून गाडी जाते, पायाखाली काही ठिकाणी काच आणि खाली पाणी. पलीकडे उतरून कालव्याच्या काठाने चालत राहिलात की वीसएक मिनिटांत स्कायट्री हा टॉवर.

उंची ६३४ मीटर, २०१२ मध्ये खुला. ६-३-४ म्हणजे मु-सा-शी, या प्रांताचं जुनं नाव. ३५० आणि ४५० मीटरवर दोन सज्जे आहेत. तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर आणि सुट्टीचा दिवस टाळला तर स्वस्त पडतं. धुकं किंवा ढग असतील तर पैसे घालवू नका. माझ्या मते ३५० चा सज्जा पुरे.

सकाळचा पॅगोडा आठवा. जुन्या लाकडी पॅगोड्यांच्या मधोमध एक खांब असतो, शिनबाशिरा. मजले एका तालात डोलतात, खांब दुसऱ्या, आणि त्यामुळे भूकंपात पॅगोडे सहसा पडत नाहीत असं मानतात. स्कायट्रीच्या पोटात तसाच ३७५ मीटरचा काँक्रीटचा खांब आहे. १२५ मीटरच्या वर तो बाहेरच्या पोलादी सांगाड्याला घट्ट जोडलेला नाही. मध्ये तेलाचे शोषक बसवले आहेत, म्हणजे दोघे वेगवेगळे हलतील आणि एकमेकांना आवरतील. थोडक्यात, देवळातला पॅगोडा काँक्रीटचा आणि पॅगोड्याची विद्या टॉवरमध्ये.

रात्री आठनंतर पुन्हा देवळात

दमला असाल तर तोबूच्या गाडीने एका स्टेशनात असाकुसाला परत या. मंदिराचं दार बंद असतं, पण आवारात दिवे लावलेले असतात, पॅगोडा तांबडाभडक उजळतो आणि माणसं विरळ. नाकामिसेची शटरं खाली आलेली, म्हणजे सकाळची चित्रं पुन्हा बाहेर. ज्यांना चालतं त्यांच्यासाठी होप्पी गल्लीत टपऱ्यांबाहेर खुर्च्या मांडलेल्या असतात, आणि अझुमा पुलाजवळच्या १८८० च्या कामिया बारमध्ये 'डेन्की ब्रान', म्हणजे विजेची ब्रँडी, मिळते. वीज नवी होती तेव्हा जे जे भारी त्याला डेन्की म्हणायची टूम होती.

आम्ही मात्र खोलीवर गेलो. मुळा भारतात आणता येत नाही, ताजी भाजी विमानतळावर अडवतात, म्हणून तो तिथेच संपवायचा होता. काप्पाबाशीच्या नव्या सुरीने आईने त्याच्या चकत्या केल्या, पर्समधली तिखटमिठाची डबी काढली आणि खिडकीतून दिसणाऱ्या टॉवरकडे बघत म्हणाली, "आपल्या मुळ्याइतका उग्र नाही. पण गणपतीचा आहे."